कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि भूमिहीनांची जमीन

मेहकर तालुक्यातील आपल्या बौद्ध वस्त्यांत घरोघरी तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर असते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांची तसबीर क्वचितच दिसते. नव्या पिढीला हे नाव माहीत आहे ते बहुधा समाजकल्याण खात्याच्या एका योजनेमुळे. भूमिहीनाला जमीन मिळवून देण्याची ती योजना आहे. योजनेला हेच नाव का, हे मात्र थोड्यांनाच सांगता येते. ज्या कुटुंबांनी धम्म स्वीकारला, पण ज्यांची भाकरी अजून दुसऱ्याच्या धुऱ्यावर अवलंबून आहे, त्यांनी तरी हे चरित्र जाणून घेतलेच पाहिजे.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, आंबे या खेड्यात, एका महार कुटुंबात झाला. त्या काळच्या महाराला गावात जमीन मुळीच नव्हती असे नाही. नाशिककडे वतनाची जमीन असे. पण ती जमीन म्हणजे गळ्यातला लोढणाच होता. वतनाचा तुकडा आणि दारोदारचे बलुते यांच्या मोबदल्यात साऱ्या गावाची आणि सरकारची चाकरी रात्रंदिवस करायची. टपाल पोचवायचे, साहेबांच्या घोड्यापुढे पळायचे, मेलेले ढोर ओढायचे. जमीन होती, पण ती गुलामीच्या अटीवर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाचे बिल मांडले ते याच दुखण्यावर. जमीन माणसाला उभी करते, तशी ती कोणत्या अटीवर मिळाली यावर माणसाला वाकवतेही, हा धडा भाऊरावांना पुस्तकातून घ्यावा लागला नाही.

भाऊरावांकडे पदवी नव्हती. धोतर नेसणारा, खेडुतांच्या बोलीत बोलणारा, उन्हातान्हात पायपीट करणारा हा माणूस. बाबासाहेबांचा मात्र त्यांच्यावर फार मोठा विश्वास होता. त्यांनी भाऊरावांना लिहिलेली पत्रे पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ती पाहिली म्हणजे कळते, की चळवळीतल्या अगदी बारीकसारीक गोष्टीही ते या सहकाऱ्याला मोकळेपणाने कळवीत.

नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्याची उभारणी करणाऱ्यांत भाऊराव आघाडीवर होते. हजारो माणसे जमवायची, त्यांच्या खाण्याराहण्याची सोय लावायची, दगड पडले तरी त्यांना शांत ठेवायचे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी चूल पेटते की नाही ते पाहायचे, ही सारी कामे त्यांच्या अंगावर होती. सत्याग्रह वर्षानुवर्षे रेंगाळला. मंदिराचे दार उघडले नाही. १९३४ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी भाऊरावांनाच पत्र लिहून कळविले, की मंदिरप्रवेश हे आपले साध्य कधीच नव्हते, आपल्या माणसांत चेतना यावी म्हणून ते पाऊल टाकले, आता शक्ती शिक्षणावर आणि राजकारणावर लावावी. पुढल्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातच येवले येथे धर्मांतराची घोषणा झाली.

काळारामाच्या दारात भाऊराव जे शिकले ते पुढे तीस वर्षांनी उपयोगी पडले. अडाणी म्हणून हिणवलेली माणसे महिनोन् महिने शिस्तीने लढू शकतात, तुरुंगात जाऊ शकतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. फरक एवढाच की पहिल्या वेळी मागणी देवाच्या दर्शनाची होती आणि दुसऱ्या वेळी जमिनीची.

मधला काळ थोडक्यात सांगतो. १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नाव जातीचे नव्हते, मजुराचे होते. १९३७ च्या निवडणुकीत भाऊराव मुंबई विधानसभेत निवडून गेले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे बिल मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कुळांचा प्रचंड मोर्चा मुंबईत कौन्सिलावर गेला. त्या मोर्चात कुणबी होते, महार होते. जमीनदाराविरुद्ध कष्टकरी एक होऊ शकतो, हे तेथे दिसले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही दादासाहेब (आता लोक त्यांना याच नावाने ओळखू लागले होते) पुढे होते आणि १९५७ साली नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. १९६२ ते १९६८ पर्यंत ते राज्यसभेचे सभासद होते.

आता मुख्य गोष्टीकडे वळू.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. बाबासाहेब त्यानंतर दोन महिनेही राहिले नाहीत. दीक्षा घेऊन माणसे आपापल्या गावी परतली आणि त्यांनी बावीस प्रतिज्ञांप्रमाणे वागायला सुरुवात केली. ढोर ओढणे बंद, येसकरकी बंद, बलुते मागणे बंद. हे सारे स्वाभिमानाचेच होते. पण घराच्या हिशेबात पाहिले तर काय झाले? येसकरकी सोडली तशी दारोदारची भाकर गेली. खळ्यावरचे दाणे गेले. पाटलाने मजुरीला बोलावणे बंद केले. कुठे विहीर बंद झाली, कुठे वाट अडवली गेली. पुढे १ ऑगस्ट १९५९ पासून मुंबई राज्यातील महार वतनेही कायद्याने संपुष्टात आली. जुनी गुलामी गेली, फार चांगले झाले. पण गुलामीसोबत तिचा शिळा तुकडाही गेला आणि त्या जागी नवी भाकरी कोणी ठेवली नाही.

दादासाहेबांचे मोठेपण मला येथे दिसते. ही पोकळी त्यांनी ओळखली. धर्मांतर पूर्ण झाले आणि आता पोटाचा प्रश्न निराळा, असे त्यांनी मानले नाही. ज्याने सकाळी त्रिशरण म्हटले त्याला संध्याकाळी त्याच पाटलाच्या ओट्याखाली उभे राहून मजुरी मागावी लागत असेल, तर त्याचा धम्म रोज त्या ओट्याखाली तपासला जाणार. जमीन हा म्हणूनच धर्मांतराचा पुढचा भाग ठरतो. स्वतः बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत खेड्यातल्या भूमिहीनांची काळजी लागून राहिली होती.

१९५९ साली दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली खानदेश, नाशिक, नगर आणि मराठवाड्याच्या भागात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. मागणी साधी होती. सरकारची पडीक जमीन, गायरान, जंगलाची पडून असलेली जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला द्या. माणसे नांगर घेऊन पडीक जमिनीवर गेली, अटक झाली, तुरुंग भरले. सरकारला आश्वासन द्यावे लागले. आश्वासनाचे पुढे काय होते, हे आपण जाणतोच.

मग १९६४. रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापुढे मागण्यांची सनद ठेवली. कसणाऱ्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना, धान्याची योग्य वाटणी आणि महागाईला आळा, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, झोपडीवाल्यांची सोय, अस्पृश्यतेच्या कायद्याप्रमाणे न्याय, बौद्धांना सवलती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र. ही सनद नीट वाचा. जमीन, धान्य, मजुरी आणि घर या देशाच्या संपत्तीच्या वाटणीच्या मागण्या आहेत, आणि त्या फक्त बौद्धांसाठी केलेल्या नाहीत. भूमिहीन मांग असो, आदिवासी असो की मराठा मजूर असो, सर्वांना त्या लागू होत्या.

६ डिसेंबर १९६४ ला, महापरिनिर्वाणदिनी, सत्याग्रहाला आरंभ झाला आणि तो फेब्रुवारी १९६५ पर्यंत देशभर चालला. तीन लाखांवर स्त्री-पुरुषांनी अटक करून घेतली. स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. कडेवर मूल घेऊन त्या तुरुंगात गेल्या. नाशिकच्या शांताबाई दाणी यांच्यासारख्या कार्यकर्त्या त्यांच्यासोबत होत्या. रोजंदारी करणारी बाई एक दिवस घरी बसली तर त्या दिवशी चूल पेटत नाही. अशा बायका आठवडेच्या आठवडे तुरुंगात राहिल्या, याचा हिशेब कोणत्याही पुढाऱ्याच्या त्यागापेक्षा मोठा आहे. अखेर सरकार बोलणीला आले आणि बऱ्याच मागण्या तत्त्वतः मान्य झाल्या. संसदेतील तैलचित्राला १२ एप्रिल १९९० हा दिवस उजाडावा लागला, आणि बौद्धांच्या केंद्रीय सवलतीही त्याच वर्षी मिळाल्या. जमिनीचे मात्र आजही पूर्ण झालेले नाही.

दादासाहेबांना विरोध झाला तो केवळ जमीनदारांचा नव्हता. घरातूनही झाला. १९५९ मध्येच रिपब्लिकन पक्षात फूट पडली. बी. सी. कांबळे यांच्यासारख्या सुशिक्षित पुढाऱ्यांचे म्हणणे असे, की जमिनीच्या लढ्याने आपण साम्यवाद्यांच्या मागे फरफटत जाऊ, बाबासाहेबांचा मार्ग घटनेचा आहे, मोर्चे-सत्याग्रहाचा नाही. दुरुस्त आणि नादुरुस्त असे दोन गट पडले. दादासाहेबांच्या धोतराची आणि इंग्रजीची टवाळी झाली. मी स्वतः माझ्या घरातला पहिला पदवीधर आहे, म्हणून हे लिहिताना जरा थांबतो. आपण शिकलेली माणसे आपल्या सुटकेलाच समाजाची सुटका समजतो. एका मास्तराच्या पगाराने एक घर उभे राहते. त्याच गल्लीतली बाकीची घरे निंदणीला आणि सोंगणीला जातातच. शिक्षणाने माणूस गावातून बाहेर पडतो, हे खरे. पण जे गावात राहतात त्यांचे काय, एवढाच दादासाहेबांचा प्रश्न होता, आणि आम्हा पदवीधरांपाशी त्याचे उत्तर अजून नाही.

घटनेचा मार्ग म्हणाल, तर घटनेतच कलम ३९ आहे. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण सर्वांच्या हिताला पोषक असे वाटले जावे आणि संपत्तीचा साठा थोड्यांच्या हाती होऊ नये, असे धोरण राज्याने ठेवावे, हा त्याचा भावार्थ. प्रत्येक खाजगी मालमत्ता त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरविले आहे. हा खटला महाराष्ट्रातलाच होता. म्हणजे वाद संपलेला नाही. पण वाटणीचा विचार परक्यांकडून उसना आणला, असे कोणी म्हणू नये.

दुसरीकडे विनोबांची भूदान चळवळ १९५१ पासून चालू होती आणि विदर्भात तिचा बोलबाला होता. जमीनदाराच्या हृदयाला हात घालायचा आणि त्याने दान म्हणून जमीन द्यायची. त्यातून काही गरिबांना जमीन मिळाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण दान देणारा काय देईल ते त्याच्या मर्जीवर असते. पुष्कळ ठिकाणी खडकाळ, वादातली जमीन दानात आली. आणि घेणारा जन्मभर उपकाराखाली राहतो. बलुते हेसुद्धा गावाच्या भाषेत दानच होते, नाही का? दादासाहेबांनी जमीन हक्क म्हणून मागितली, आणि ती शेजाऱ्याजवळ न मागता राज्याजवळ मागितली.

यावर आपल्यातले काही उपासक विचारतात, की तथागतांनी तर तृष्णा सोडायला सांगितली, मग जमिनीची हाव कशासाठी? त्यांनी दीघनिकायातले कूटदन्तसुत्त पाहावे. महाविजित राजाच्या राज्यात चोऱ्या वाढल्या. त्याच्या पुरोहिताने सल्ला दिला, की दंडाने चोर संपणार नाहीत, जे शेती करतात त्यांना बी-बियाणे द्यावे, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्यावे, जे चाकरी करतात त्यांना वेतन द्यावे. राजाने तसे केले आणि लोक दारे उघडी ठेवून झोपू लागले. चक्कवत्तिसीहनादसुत्तात याची उलटी बाजू आहे. राजाने निर्धनांना धन दिले नाही, त्यातून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या. दोन्ही ठिकाणी जबाबदारी राजावर टाकली आहे. भुकेल्याने आपली भूक ही तृष्णा समजून गप्प बसावे, असे त्यात कोठेही नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे. दोन-तीन एकर कोरडवाहू तुकड्यावर संसार चालतो काय? बैल नाही, विहीर नाही, पाऊस दगा देतो. बाबासाहेबांनी १९१८ मध्येच लहान धारणक्षेत्रांवर अर्थशास्त्रीय निबंध लिहून दाखविले होते, की जमीन लहान आहे एवढेच दुखणे नाही, तिला जोडीला भांडवल आणि अवजारे नाहीत, आणि फाजील माणसे जमिनीवर लटकली आहेत, त्यांना उद्योगधंदे हवेत. १९४७ साली घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात त्यांनी तर शेती हा राज्याचा उद्योग करावा, जमीन राज्याची असावी, गावकऱ्यांनी ती सामुदायिक पद्धतीने कसावी, ना जमीनदार, ना कूळ, ना भूमिहीन मजूर, अशी मांडणी केली. तुकडे वाटणे ही त्यांची योजना नव्हती. दादासाहेबांनी मागितले ते त्या मानाने थोडके. माझे मत असे, की जे त्या वेळी मागता येण्यासारखे होते ते त्यांनी मागितले. सामुदायिक शेतीची वाट पाहत भुकेल्याने बसावे, हे त्यांना पटण्यासारखे नव्हते. पण सामुदायिक शेतीची बाजू आपण पुढे विसरलो, ही आपल्या चळवळीची मोठी हानी आहे.

कायद्याने झालेल्या वाटणीचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात शेतजमीन कमाल धारणा कायदा १९६१ साली झाला. त्यात कोरडवाहू जमिनीची मर्यादा काही भागात १२६ एकरांपर्यंत होती. एवढ्या मोठ्या मापात कितीसे जमीनदार सापडणार? जे सापडले त्यांनी भाऊ, मुलगे, पुतणे यांच्या नावे सातबारा वाटून घेतले. १९७५ पासून ही मर्यादा ५४ एकरांवर आणली, तोपर्यंत हुशार लोक सावध झाले होते. गायरानाचे, म्हणजे आपल्याकडच्या ई-क्लास जमिनीचे, निराळे. भूमिहीनांनी कसलेली अशी जमीन नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ ला निघाला आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे त्यात धरली गेली. अनेकांच्या नावे सातबारा झाला, तो त्या सत्याग्रहांचाच उशिरा आलेला माल. पण पुष्कळ कुटुंबे पुराव्याच्या कागदाअभावी राहून गेली, आणि २०२२ साली गायरानावरील अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा निघाल्या तेव्हा राज्यभर त्यांचीच झोप उडाली.

दादासाहेबांच्या शेवटच्या वर्षांबद्दल टीका होते. १९६७ पासून त्यांनी काँग्रेसशी समझोते केले, १९६८ मध्ये पद्मश्री स्वीकारली, पक्ष आणखी फुटत गेला. या तडजोडीचा तरुणांना संताप आला आणि १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, त्यामागे हाही संताप होता. तडजोडीने जमिनीच्या लढ्याची धार गेली, हे मी मान्य करतो. ज्या सरकारवर मोर्चा न्यायचा त्याच्याच मांडीला मांडी लावून बसले की मोर्चा निघत नाही. २९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेबांचे निधन झाले. त्यानंतर तीन लाख माणसे तुरुंगात नेणारा भूमिहीनांचा लढा आपल्या समाजात पुन्हा झाला नाही.

राहिली त्यांच्या नावाची योजना. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ साली सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायती जमीन सरकार विकत घेऊन देते. आधी निम्मे अनुदान आणि निम्मे बिनव्याजी कर्ज होते, २०१८ पासून संपूर्ण अनुदान झाले आणि खरेदीचा कमाल दर कोरडवाहूला एकरी ५ लाख, बागायतीला एकरी ८ लाख असा ठरला. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य आहे. खोट आहे ती एकच आणि ती मोठी. जमीन बाजारातून घ्यायची आहे, म्हणजे कोणी तरी विकायला तयार हवा. रस्त्याकाठच्या जमिनीचे भाव पाहता त्या दरात चांगली जमीन सहसा कोणी देत नाही, आणि जो देतो तो बहुधा बरड माळ देतो. दादासाहेब ज्या जमिनी मागत होते त्या सरकारच्या हाती असलेल्या पडीक आणि कमाल मर्यादेवरच्या जमिनी होत्या, आणि नेमका तो भाग या योजनेत नाही.

तरीही ज्यांच्या नावे गुंठाभर शेत नाही त्यांनी अर्ज करावा. तो बुलढाण्याला समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्तांच्या कार्यालयात जातो. तहसीलदाराचा भूमिहीन असल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि दारिद्र्यरेषेचा दाखला हे तीन कागद आधी हाताशी ठेवावेत. ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांचे अर्ज वस्तीतल्या शाळकरी मुलांनी भरून द्यावेत. आणि जमीन दाखवायला नेतील तेव्हा घरातल्या बाईने सोबत जावे. माती हातात घेऊन पाहावी, पाणी कुठे लागते ते शेजारच्या शेतकऱ्याला विचारावे, आणि मगच अंगठा किंवा सही करावी.